10 वर्षं फुकट गेली का?

"मॅडम, 10 वर्षं घातली हो आम्ही यात. आता ती मागे पडतेय. मग सगळं फुकटच गेलं का?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आई बोलून गेली. जिम्नॅस्टिक्समध्ये वरच्या पातळीवर पोचलेल्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनाला आले की थोड्याफार फरकाने हेच विचारतात. मुलीला आपण ईरा म्हणू. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ईरा 14 वर्षांची. वर्षभरात 9 सेंटिमीटर उंच झालेली. आईच्या फोनमध्ये प्रत्येक स्पर्धेचे गुण दशांशासकट नोंदलेले होते. ती ते वाचून दाखवत होती आणि ईरा तळहातावरची सुटलेली कातडी सोलत होती.

आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. "बीमवर नेमकं काय होतं गं?" ईरा उठली. फरशीच्या सांध्यावर एकापुढे एक पावलं ठेवली, बॅक हँडस्प्रिंगसाठी, म्हणजे हातांवरून मागे उलटी घ्यायला, हात वर नेले आणि तशीच थिजली. "इथे. हात कुठे पडणार तेच कळत नाही." बीम म्हणजे तोल साधायची आडवी पट्टी; रुंदी 10 सेंटिमीटर, उंची सव्वा मीटर. त्यावर मागे न बघता झोकून द्यायचं असतं. मग खाली बघत म्हणाली, "मी जाड झालेय म्हणून होतंय. रात्रीचं जेवण बंद केलंय."

बाकी सगळं बाजूला ठेवून मी आधी हेच हातात घेतलं. तिला विचारूनच आईला आत बोलावलं आणि त्याच आठवड्यात क्रीडावैद्यक डॉक्टरांकडे पाठवलं. वाढत्या वयात जेवण तोडणं, पाळी लांबणं किंवा थांबणं, मनगट-टाच सतत दुखणं, यातलं काहीही "खेळात चालायचंच" म्हणून सोडून देऊ नका. कळकळीने सांगते.

हातपाय लांब झाले की तेवढाच जोर लावूनही अंग हवेत सावकाश फिरतं. वर्षानुवर्षं मुरलेला अंदाज चुकायला लागतो. यात ईराचा आळस नव्हता, तिचं शरीर नवं होतं. मी अमेरिकेची ऑलिम्पिक विजेती जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं नाव काढलं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली हवेत दिशा कळेनाशी झाली म्हणून तिने सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली आणि काही दिवसांनी बीमवर कांस्य घेतलं. ईराला हे पाठ होतं. "पण ती मोठी आहे, तिला चालतं," ती म्हणाली. थांबायची मुभा आधी पदकं मिळवून कमवावी लागते, असं 14 व्या वर्षी तिच्या मनात बसलं होतं. मला ते फार लागलं.

पुढच्या भेटीत आम्ही तिघींनी तेच गुण पुन्हा उघडले. एकूण आकडा झाकला. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 2006 पासून काठिण्याचे गुण वेगळे आणि सादरीकरणाचे 10 पैकी वेगळे मोजतात; ईराच्या स्पर्धांतही तसेच होते. कोचनी अवघड स्किल काढल्यामुळे तिचं काठिण्य घसरलं होतं. पण फ्लोअरवरचं, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचं, सादरीकरण सलग तीन स्पर्धांत वाढलं होतं. आई कितीतरी वेळ त्या रकान्याकडे बघत राहिली. या वयात मी यश तिथेच शोधते. बदलत्या अंगानिशी मूल काय नीट करतंय आणि "आज नको" हे कोचना बिनधास्त सांगू शकतंय का, हे बघते. पदकं तिघींनाच मिळतात; तेवढ्यावर मोजलं तर बाकीच्या सगळ्या रोज हरतात.

कोचशी बोलून तिला काही आठवडे जमिनीलगतच्या बीमवर आणलं. आईला एकच सांगितलं: घरी जाताना "किती मिळाले?" विचारायचं नाही.

चार महिन्यांनी दोघी आल्या. स्पर्धेत ईरा बीमवरून पडली होती. पडलं की 1 गुण जातो आणि परत चढायला 10 सेकंद मिळतात. "काय केलंस त्या 10 सेकंदांत?" "हाताला पावडर लावली, श्वास घेतला, चढले. पुढची गिरकी या वर्षातली सगळ्यात भारी झाली!" हे सांगताना ती हातवारे करत होती. जेवण पूर्ववत झालं होतं.

पुढच्या वर्षी खेळायचं की नाही, हे तिने अजून ठरवलेलं नाही. "विचारू का तिला?" निघताना आईने हळूच मला विचारलं. मी म्हटलं, "ती सांगेल तेव्हा ऐका."