आधी पाय बघ

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या फेरीत निवडलेला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून खेळ चालवणारा पोरगा, तुमच्या टीमकडे आलाय आणि त्याच्यासाठी व्हिडिओ कापायचं काम तुझ्याकडे आलंय, हे वाचून बरं वाटलं. पद सगळ्यांत खालचं असलं तरी त्याच्या शेजारची खुर्ची तुझी आहे. मी शाळेच्या टीमपलीकडे कधी गेलो नाही, तेव्हा पटेल तेवढं घे.

त्याला लगेच खेळवायचं की वर्षभर बाकावर बसवायचं, या वादात पडू नकोस. 2017 मध्ये कॅन्सस सिटीचा नवा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स अनुभवी अलेक्स स्मिथच्या मागे बसला, जेमतेम एका सामन्यात सुरुवातीपासून खेळला आणि पुढच्या मोसमात त्याने 50 टचडाउन पास (गुण मिळवून देणारे) टाकले. तेव्हापासून जो तो म्हणतो, बसवावंच. पण पेटन मॅनिंग हा क्वार्टरबॅक 1998 मध्ये पहिल्या सामन्यापासून खेळला, त्या मोसमात 28 इंटरसेप्शन (समोरच्या टीमने झेललेले पास) देऊन बसला, तरी त्याचं काही बिघडलं नाही. मला विचारशील तर या गोष्टीत महोम्सपेक्षा स्मिथकडे बघ.

2005 च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याला सगळ्यांच्या आधी उचललं. पहिल्या मोसमात टचडाउन 1, इंटरसेप्शन 11. मग जवळपास दरवर्षी नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (हल्ल्याचे डाव आखणारा कोच). म्हणजे तोच पास, पण नाव नवं, पावलं नवी, कोणाकडे आधी बघायचं तेही नवं. लोक म्हणाले, पोरगं वाया गेलं. 2011 मध्ये जिम हार्बॉ मुख्य कोच म्हणून आला आणि त्याच स्मिथने 16 सामन्यांत फक्त 5 इंटरसेप्शन दिले. टीम 13 सामने जिंकली. हात तोच होता रे!

म्हणून पहिलं काम भाषेचं. हेल्मेटमधला कोचचा आवाज प्ले क्लॉकवर (डाव सुरू करायच्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की बंद होतो. कोचने सांगितलेलं डावाचं ते लांबलचक वाक्य हडलमध्ये (डावाआधीच्या घोळक्यात) दहा जणांना न अडखळता त्यालाच सांगायचं असतं. सराव संपला की त्याला उभा कर, समोर तू उभा राहा आणि पाढे म्हणून घेतात तसं म्हणून घे. अडखळला तर हसू नकोस. पण कुठे अडखळला ते लिहून ठेव आणि कोऑर्डिनेटरला दाखव; कधीकधी वाक्यच वाईट असतं.

दुसरं, पाय. माझ्याकडे एक पोरगा होता, काय हात होता त्याचा! मी मात्र प्रत्येक थ्रोनंतर ‘कोपर वर, कोपर वर’ करत राहिलो. महिन्याभरात तो रिसीव्हर (पास झेलणारा) सोडून स्वतःच्या कोपराचाच विचार करायला लागला. चूक सर्वस्वी माझी. नंतर निवांत व्हिडिओ बघितला तेव्हा दिसलं, पाच पावलं मागे आल्यावर त्याचा मागचा पाय रोवलाच जात नव्हता. अंग मागे कलंडायचं आणि बॉल वरून जायचा. म्हणून क्लिप लावलीस की आधी आवाज बंद कर, बॉल कुठे गेला ते बघू नकोस, कमरेखालीच बघ. पाचवं पाऊल टेकताना पहिला रिसीव्हर वळतोय का? वळत असेल तर बॉल तेव्हाच सुटायला हवा. नसेल तर एक छोटी उडी आणि नजर दुसऱ्याकडे. पाय आणि नजर एका तालात आली की कोपर आपोआप सुधारतं, निदान बहुतेक वेळा.

आणि एक बघ, मार खाल्ल्यावर त्याची नजर खाली, अंगावर येणाऱ्यांकडे जायला लागली का? 2002 मध्ये ह्यूस्टनच्या नव्याकोऱ्या टीमने क्वार्टरबॅक डेव्हिड कारला पहिल्या वर्षी 76 सॅक (पास टाकण्याआधीच पाडलं जाणं) खायला लावले. अशा वेळी दोष पोराच्या माथी मारायचा नसतो, त्याला वाचवणाऱ्या पुढच्या लाइनच्या क्लिपाही कापून द्यायच्या असतात. कोचला आवडणार नाही. तरी दे.

क्लिपा मला पाठवू नकोस, नोकरी जाईल. फोनवर नुसतं पायांचं सांग. आणि आईलाही फोन कर. तिला अजून वाटतं तुमचा फुटबॉल पायाने खेळतात. तिचं फारसं चुकत नाही म्हणा.

तुझा,
काका