जमातीबाहेर लग्न केलं, म्हणून मोडतंय का?

"मॅडम, आमचं लग्न जमातीबाहेरचं. म्हणूनच मोडतंय ना?" घरातले वाद घेऊन माझ्याकडे येणारी खेड, दापोली, चिपळूण भागातली मुस्लिम कुटुंबं मला हे सारखं विचारतात. मुलगा कोकणी, मुलगी मालेगावची मोमीन नाहीतर हैदराबादकडची. ओळख मुंबईत नोकरी करताना झालेली. धर्म एक, निकाह रीतसर. तरी घरात कुरबुर सुरू झाली की दोन्हीकडचे म्हणतात, "तेव्हाच सांगितलं होतं."

मालेगावहून दापोलीजवळच्या एका गावात आलेल्या सुनेचं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नवरा कुवेतला, घरात ती, सासू आणि लहान मुलगा. पहिल्या भेटीत ती जवळजवळ कुर्ल्यांबद्दलच बोलत होती. शाफई आणि हनफी हे सुन्नी मुसलमानांचे दोन पंथ, खाण्यापिण्याचे नियम थोडे वेगळे. कोकणी मुसलमान शाफई, त्यांना कुर्ल्या, तिसऱ्या सगळं चालतं. तिचं माहेर हनफी, तिथे खेकडा ताटात येत नाही. सासूने कुर्ल्यांचा रस्सा केला की ही स्वतःपुरतं अंडं तळून घ्यायची, आणि सासूला वाटायचं, हिला आपल्या हातचं नको. घरात, शेजारीपाजारी कोकणी बोली; हिला उर्दूशिवाय काही येत नव्हतं. चार बायका अंगणात हसल्या तरी आपल्यालाच हसतात असं तिला वाटे. सासू वाईट नव्हती, हे मी ठामपणे सांगते.

खरं दुखणं हळूहळू बाहेर आलं. नवरा सगळा पैसा आईच्या खात्यात पाठवायचा. मुलाच्या फीपासून सॅनिटरी पॅडपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी हिला सासूपुढे हात पसरावा लागे. फोनवर विषय काढला की तो फोन ठेवून देई. असं तर कोकणी-कोकणी लग्नांतही होतं. आखातातल्या कमाईवर चाललेली अशी घरं मी किती पाहिली आहेत!

फरक पडतो तो भांडण जमातीत, म्हणजे गावातल्या समाजाच्या बैठकीत, गेल्यावर. सून कोकणी असती तर चुलता, मामा तालुक्यातच असते, बैठकीत तिच्या बाजूने कुणीतरी तोंड उघडलं असतं. इथे बैठकीला बसलेले सगळे नवऱ्याचे नातलग, आणि ती आतल्या खोलीत. निर्णय तिला नंतर कळवला गेला: "जुळवून घ्या, नाहीतर माहेरी जा."

कुराणात सूरह निसाच्या 35व्या आयतीत स्पष्ट आहे की एक पंच त्याच्या घरचा, एक तिच्या घरचा. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली शमीम आरा खटल्यात तलाकआधी अशा समेटाचा प्रयत्न व्हायला हवा असंच सांगितलं. मी हे जमातीच्या अध्यक्षांपुढे ठेवलं. त्यांनी मान्य केलं, याचा मला फार आनंद झाला. नवरा सुट्टीवर आला तेव्हा तिचे मामा मालेगावहून आले. त्यांनी पहिलाच प्रश्न पैशांचा विचारला. खोलीत कुणालाच तो आवडला नाही, पण त्यानंतरच नवरा-बायको मोकळेपणाने बोलले. दोघांनाही एकत्र राहायचं नव्हतं.

अशा वेळी बायकांना दोन भीती असतात. एक, तो फोनवरून तीनदा तलाक म्हणून मोकळा होईल. 2019 च्या कायद्याने असा तलाक, व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेलासुद्धा, रद्दबातल आहे आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरी भीती मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम, जाण्याची. खुला, म्हणजे बायकोने स्वतः मागितलेला घटस्फोट, घेताना बाईला बहुधा मेहेर सोडावा लागतो हे खरं. पण नवऱ्याने दोन वर्षं पोटगी दिली नाही किंवा छळ केला, तर 1939 च्या कायद्याने कोर्टातून निकाह मोडता येतो आणि मेहेरवरचा हक्क तसाच राहतो. दोघांनाही सुटायचं असेल तर मुबारात, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट, आहे.

या दोघांनी मुबारात केली. थकलेला मेहेर आणि इद्दतचा, म्हणजे घटस्फोटानंतर बायकोने थांबायच्या काळाचा, खर्च सही करायच्या आधी तिच्या हातात आला. मुलगा आईकडे, त्याचा दरमहाचा खर्च थेट तिच्या खात्यात, मे महिन्याची सुट्टी दापोलीला आजीकडे.

जमातीबाहेर लग्न केलेली मुलगी आली की बैठकीची तारीख ठरवण्याआधी मी विचारते, "तुझ्याकडून कोण बसणार?" मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून माहेर तुटलेलं असेल, तर तिचा विश्वास असलेलं कुणीही चालेल: जुनी शिक्षिका, मैत्रिणीचे वडील, वकील. नाव आणि फोन नंबर लिहून घेतल्याशिवाय मी जमातीला तारीख देत नाही.