आजीचा वाघ ठिपक्यांचा

ताई, गुहागरकडच्या आपल्या अंगणवाडीतील ४ ते ६ वर्षांच्या मुलांना चित्रपुस्तकांतून वाघ-बिबट्यांची आणि त्यांच्या संरक्षणाची ओळख करून देताना सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीत मी १२ वर्षे मुलांचे वाचनालय चालवतो. त्या अनुभवावरून सांगतो की, सुरुवात बिबट्यापासून करावी.

आपल्याकडे मोठी माणसे बिबट्यालाच ‘वाघ’ म्हणतात. ‘रात्री वाघाने कुत्रा नेला’ असे आजी सांगते आणि पुस्तकातल्या वाघाला मात्र पट्टे असतात. मग मूल एकतर आजीला खोटे ठरवते, नाहीतर पुस्तकाला. अशा वेळी आजीचा शब्द खोडून काढू नये. ‘आजीचा वाघ ठिपक्यांचा, हा पट्ट्यांचा’ एवढे पुरते. पट्टेरी वाघाकडे नंतर वळता येईल. कोयना आणि चांदोलीचे जंगल मिळून २०१० मध्ये झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आपल्यापासून घाटमाथ्याइतकाच दूर आहे.

पुस्तक निवडताना मजकुराआधी चित्र तपासावे. बिबट्याच्या अंगावर पोकळ फुलांसारखे ठसे असतात. भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत उतरलेली काळी रेघ असेल तर तो चित्ता, आणि ठशांच्या आत पुन्हा ठिपके असतील तर तो अमेरिका खंडातला जॅग्वार. स्वस्त पुस्तकांत हाच जॅग्वार बिबट्या म्हणून खपवलेला मी पाहिला आहे. लहान मांजरेही विसरू नयेत. वाघाटी जेमतेम दीड किलोची, म्हणजे घरच्या मनीहूनही लहान असते, हे ऐकून मुले हरखून जातात. उदमांजर आणि पाणमांजर ही नावापुरतीच मांजरे आहेत, हेही त्याच ओघात सांगता येते.

एक चूक मात्र मी स्वतः केली. हरवलेले पिल्लू मुलगा घरी आणून वाढवतो, अशी एक गोष्ट मी मोठ्या हौसेने वाचून दाखवली आणि आठवड्याभरात दोन मुले गवताच्या उडवीतून रानमांजराची तीन पिल्ले टोपलीत घालून माझ्याकडे आली. आम्ही ती तशीच जागेवर ठेवून आलो. रात्रीत आईने ती हलवली. तेव्हापासून ‘पिल्लू एकटे दिसले तरी आई जवळपासच असेल, हात न लावता मोठ्यांना सांगावे’ हे वाक्य मी त्या पुस्तकात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.

संरक्षण हा शब्द या वयात वापरूच नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी चित्रातली विहीर दाखवून ‘हिला कठडा का नाही?’ असे विचारावे, कारण बिनकठड्याच्या विहिरीत बिबटे पडतात हे कोकणातल्या मुलांनी ऐकलेले असते. डुकरासाठी लावलेल्या फासकीतही बिबट्या अडकतो. तेही सांगावे, पण जखमेचे चित्र दाखवू नये. कुत्रा रात्री पडवीत बांधून न ठेवता घरात घ्यावा, हे मुले घरी जाऊन आपणहून सांगतात.

पुस्तकांसाठी पैसे नसतील तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य मिळतात आणि तिथला परवाना भाषांतराची मुभा देतो. मुलांच्या बोलीतले शब्द घालून पाने छापून घ्यावीत. कागद जाड घ्यावा, पावसाळ्यात पातळ पानांना बुरशी फार लवकर धरते.