एकदा आलेलं नाणं परत जात नाही

इंदूरच्या मराठी घरांत नाणी जमवण्याची सुरुवात बहुतेक होळकरांपासून होते. मल्हारनगरचा सूर्यमुखी रुपया, नाहीतर महेश्वरच्या टांकसाळीतला शिवलिंग आणि बेलपानाचा. या वेळच्या पत्रांत मात्र होळकर नाहीतच. सगळे प्रश्न परदेशी विक्रेत्यांकडून प्राचीन नाणी मागवण्याबद्दलचे आहेत, म्हणून ते एकत्रच घेतो.

प्रश्न (रामबाग): सर, जर्मनीतल्या एका विक्रेत्याकडे रोमन बादशहा टायबेरियसचा दिनारियस, म्हणजे चांदीचं नाणं, आवडला आहे. 'चौदा दिवसांत परत करता येईल' असं त्यानं लिहिलंय. मग घ्यायला हरकत काय?

नाणं जरूर घ्या, पण त्या ओळीच्या भरवशावर घेऊ नका. ती ओळ तुमच्या-माझ्यासाठी जवळपास निरुपयोगी आहे.

आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृतींचा कायदा आहे, तो १९७६ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येनुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं कुठलंही नाणं 'पुरावशेष' ठरतं. ते भारतातच पाडलेलं असावं, अशी अट त्या व्याख्येत नाही. आणि पुरावशेष देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार फक्त केंद्र सरकारला किंवा सरकारनं नेमलेल्या संस्थेला. खासगी माणसानं पाठवलं तर कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय दंड. म्हणजे तुमचा दिनारियस रोमन असला तरी एकदा इंदुरात आला की परतीच्या पाकिटात घालता येत नाही. खरेपणाच्या प्रमाणपत्रासाठी अमेरिकेला पाठवणंही यातच आलं.

'पण नाणं खोटंच निघालं तर? मग ते पुरावशेष कुठं राहिलं?' बरोबर आहे. पण ते पुरावशेष नाही हे कस्टम्सपुढे तुम्ही सांगून भागत नाही. त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मी स्वतः यातून गेलो आहे. अथेन्सचं घुबड असलेलं एक चतुर्द्रम्म, म्हणजे चार द्रम्मांचं ग्रीक चांदीचं नाणं, मागवलं, हातात घेताच ते ओतीव आहे हे कळलं. विक्रेत्याचं एकच उत्तर, आधी नाणं परत पाठवा. चौदा दिवस गेले, पैसेही गेले. ते नाणं आजही माझ्या टेबलावर आहे, नव्या संग्राहकांना ओतीव कड दाखवायला.

म्हणून पैसे भरण्याआधीच विक्रेत्याला ईमेल करा: 'भारतीय कायद्यामुळे मला नाणं परत पाठवता येणार नाही. ते खोटं ठरलं तर तज्ज्ञाचं लेखी मत आणि फोटो पाहून पैसे परत द्याल का?' चांगले विक्रेते हो म्हणतात. जो उत्तरच देत नाही, त्याच्याकडचं नाणं कितीही देखणं असो, सोडून द्या.

प्रश्न (सुदामानगर): नाणं परत जाणारच नसेल, तर नुसत्या फोटोवरून खरं-खोटं ओळखायचं कसं?

नुसत्या फोटोवर थांबू नका. वजन, व्यास आणि कडेचा फोटो, या तीन गोष्टी मागून घ्या.

सुरुवात वजनापासून. अथेन्सचं चतुर्द्रम्म साधारण १७.२ ग्रॅमचं असतं. ऑगस्टस-टायबेरियसच्या काळातला दिनारियस पावणेचार ग्रॅमच्या आसपास, आणि नीरोनं वजन घटवल्यानंतरचा साडेतीनच्याही खाली. आपलं आहत नाणं, म्हणजे चांदीचा कार्षापण, ३२ रत्तींचा, सुमारे ३.४ ग्रॅम. झीज झाली की वजन थोडं उतरतंच. पण घुबड पंधरा ग्रॅमचं भरलं, तर ती झीज नव्हे. अशा वेळी आत तांबं आणि वर चांदीचा पापुद्रा आहे का, हे आधी पाहा. अशी मुलामा दिलेली नाणी त्या काळातही होत असत. ती जुनी असतात, पण चांदीची नसतात, आणि किंमत त्याप्रमाणे हवी.

मग कड. खरं नाणं दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून हातोड्यानं पाडलेलं असतं, म्हणून कडेला बारीक भेगा आणि ताणल्याच्या खुणा दिसतात. ओतीव नकलेच्या कडेला साच्याचा जोड असतो, किंवा तो कानशीनं घासून काढलेला असतो. पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत वाटतात. मात्र ठसे कोरून पाडलेल्या नकला या तपासणीत पकडल्या जात नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल बेकर या जर्मन माणसानं स्वतः ठसे कोरून ग्रीक-रोमन नाणी पाडली, ती भल्याभल्यांच्या संग्रहात जाऊन बसली. त्यावर उपाय एकच, तुलना. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची 'ओक्रे' ही रोमन साम्राज्याच्या नाण्यांची सूची इंटरनेटवर फुकट आहे. तुमच्या प्रकारची नाणी त्यात शोधा. जुन्या लिलावांतले फोटोही पाहा. दोन नाण्यांवर तोच ओरखडा, तोच खड्डा, चकतीचा आकारही तोच दिसला, तर निदान एक तरी नक्कल आहे.

उलटी चूकही होते. एकाच नाण्यावर दोन चित्रं एकमेकांत मिसळलेली दिसली की लोक ते खोटं समजतात. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचं चिन्ह! असं नाणं कुठं दिसलं तर ते हातचं जाऊ देऊ नका.

आणि एक विनंती. नाणं आलं की ते सराफ्यात नेऊन कसाला लावू नका. दोन हजार वर्षं टिकलेला पृष्ठभाग दोन सेकंदांत जातो.

प्रश्न (महू): विक्रेता म्हणतो, पाकिटावर 'भेट, २० डॉलर' लिहितो म्हणजे ड्युटी वाचेल. चालेल का?

नाही. भेट म्हणून मिळणारी करमाफी डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. अपवाद फक्त राख्या आणि जीवरक्षक औषधांचा. खोटी किंमत लिहिली तर माल जप्त होतो आणि दंडही पडतो. पाकीट वाटेत हरवलं तर विमा त्या वीस डॉलरचाच. शिवाय उद्या ते नाणं विकायचं झालं तर तुमच्याकडे कागद काय असणार? वीस डॉलरच्या 'भेटी'चा.

हिशेब आधीच मांडा. नाणं २०० युरोचं आणि पाठवणावळ २५ युरो, तर ड्युटी २०० वर नाही, २२५ अधिक विमा यावर लागते. त्यात ड्युटी मिळवून जी रक्कम होते, तिच्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. लिलावात घेत असाल तर बोलीवर लिलावघराचं कमिशन वेगळं. ते वीस टक्के असेल, तर शंभराची बोली तुम्हाला १२० ला पडते. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्या, नव्या कार्डांवर ते बंदच असतात.

प्रश्न (देवास): पोस्ट बरं की कुरियर?

विमा उतरवलेलं पोस्ट. आंतरराष्ट्रीय टपाल नियमांनुसार विमा नसलेल्या टपालात नाणी घालायलाच मनाई आहे. बऱ्याच कुरियर कंपन्यांच्या न स्वीकारण्याच्या यादीत नाणी असतात, म्हणून कुरियरनं येणार असेल तर विक्रेत्याकडून आधी खात्री करून घ्या. केवायसीसाठी आधार किंवा पॅन तयार ठेवा. आत बिल हवंच, आणि बिलावर राजा, धातू, वजन, अंदाजे काळ लिहिलेला हवा. सोन्याचं नाणं मात्र असं मागवू नका. सोन्याच्या आयातीला वेगळे निर्बंध आहेत, त्यासाठी आधी कस्टम्स ब्रोकरला विचारा.

प्रश्न (लोकमान्यनगर): काका, लंडनच्या लिलावात मिनँडर या इंडो-ग्रीक राजाची आणि कुषाणांची नाणी दिसतात. आपलीच नाणी परत आणणं चांगलंच ना?

तुमची भावना मला पूर्ण कळते. पण आधी विचारा, हे नाणं लंडनला पोचलं कसं? १९९० च्या दशकात अफगाणिस्तानातल्या मीर झका इथं टनावारी प्राचीन नाणी निघाली आणि पेशावरच्या बाजारातून जगभर पांगली. कुठल्या थरात, कशाबरोबर सापडली याची नोंद नाही. इतिहासाचं ते पान कायमचं गेलं. आपण बिनकागदाचं नाणं घेतो तेव्हा पुढच्या चोरून खणणाऱ्याला पैसे पुरवतो. म्हणून नाण्याची मालकी जुन्या लिलावाच्या कॅटलॉगनं किंवा बिलानं मागे नेता येते का, ते पाहा. १९७२ च्या आधीपर्यंत गेली तर उत्तमच. कागद नसेल तर मी घेत नाही. मिनँडरचं चांदीचं द्रम्म, जेमतेम अडीच ग्रॅमचं, मला वर्षानुवर्षं हवं होतं. जुन्या संग्रहातलं, बिलासकट मिळालं तेव्हाच घेतलं.

प्रश्न (स्नेहलतागंज): मागवलेल्या तांब्याच्या नाण्यावर पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी दिसू लागली आहे. पुसून टाकू का?

पुसू नका, आणि ते नाणं आजच बाकीच्यांपासून वेगळं ठेवा. घट्ट, गडद हिरवा थर चांगला असतो. पण नखानं पडणारी फिकट भुकटी म्हणजे धातूतल्या क्लोराइडला दमट हवा लागली आहे. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी दर एक-दोन दिवसांनी बदला. काही आठवड्यांनी काढा, पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेवा. विक्रेत्यानं दिलेली मऊ पीव्हीसीची पिशवी फेकून द्या, तिच्यानं नाण्यावर हिरवा चिकटा धरतो. तिच्यातली चिठ्ठी मात्र जपून ठेवा.