हायपरवायझरमधले सीपीयू फ्लॅग रिव्ह्यू करताना बिट नंबर जुळले, पुढे काय बघायचं?

तुम्ही लातूरहून विचारलंय की हायपरवायझरमध्ये (एका खऱ्या मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) गेस्टला, म्हणजे आभासी मशीनला, एव्हीएक्स-५१२ हा प्रोसेसरचा सूचनासंच दाखवणारा पॅच (कोडातला बदल) रिव्ह्यूला आलाय, क्षमता सांगणाऱ्या फ्लॅगचे बिट नंबर इंटेलच्या मॅन्युअलशी ताडून झाले, आता आणखी काय बघू. मी परभणीचा, बरीच वर्षं याच कोडात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नंबर जुळणं हा सगळ्यात सोपा भाग. इंटेलच्या व्हीटी-एक्समध्ये (आभासी मशीनसाठीची प्रोसेसरमधली सोय) गेस्टने सीपीयूआयडी, म्हणजे प्रोसेसरला 'तुला काय काय येतं' विचारणारी सूचना, चालवली की ताबा दर वेळी हायपरवायझरकडे येतो, त्यामुळे गेस्टला मिळणारं उत्तर तुमचाच कोड देतो. ती सातबाऱ्यावरची नोंद समजा. विहिरीची नोंद बघून कुणी ऊस लावला आणि शेतात विहीरच निघाली नाही, तर दोष नोंद करणाऱ्याचा. पॅचमधल्या प्रत्येक बिटाला विचारा, याची विहीर कुठे आहे?

एव्हीएक्स-५१२ ची विहीर म्हणजे त्याची रजिस्टरं, प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागा. सीपीयूआयडीच्या लीफ ७ मधल्या (लीफ म्हणजे तिच्या उत्तराचं एक पान) ईबीएक्स रजिस्टरचा, एव्हीएक्स-५१२ सांगणारा बिट १६ लावलाय ना? मग गेस्टला एक्ससीआर० मधले (कोणती रजिस्टरं चालू ते ठरवणारं रजिस्टर) बिट ५, ६, ७ लावता येतात का ते बघा. सोबत १ आणि २ लागतातच. लीफ १३ मध्ये तेच घटक आणि त्यांना लागणारी जागा दिसायला हवी. एक गेस्ट थांबवून दुसरा चालवताना ही रजिस्टरं जपली जातात का, तेही तपासा. लीफ ७ हो म्हणतंय आणि लीफ १३ गप्प आहे, असा पॅच मी परत पाठवतो. काही प्रोग्राम फक्त लीफ ७ बघून सूचना चालवतात आणि तिथेच पडतात.

लीफ १ मधल्या ईसीएक्सचा बिट २७, ओएसएक्ससेव्ह, होस्टवरून (खालच्या खऱ्या मशीनवरून) जसाच्या तसा उचललेला मला अनेकदा दिसलाय. हा बिट गेस्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमने सीआर४ या नियंत्रण रजिस्टरमधला बिट १८ लावलाय की नाही एवढंच सांगतो. गेस्टने सीआर४ बदलला की हाही बदलला पाहिजे.

ज्या बिटाचा अर्थ तुमच्या कोडाला माहीत नाही, तो गेस्टला शून्यच दिसावा. 'नको असलेले काढून टाका' अशी यादी दिसली तर हटकून थांबवा. उद्याच्या प्रोसेसरमधला नवा बिट त्या यादीत कुठून असणार?

आता माझी चूक सांगतो. एव्हीएक्स२ आणि बीएमआय२ हे सूचनासंच दाखवणारा एक पॅच मी मंजूर केला होता. पुढे चालत्या मशीन नव्या होस्टवरून हे संच नसलेल्या जुन्या होस्टवर हलवल्या. एव्हीएक्स२ ला एव्हीएक्सपेक्षा वेगळी रजिस्टरं लागत नाहीत, त्यामुळे स्थिती बिनतक्रार उतरली आणि सगळं ठीक वाटलं. थोड्या वेळाने डेटाबेस 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' देत एकेक करून पडू लागले. ग्लिबसी (लिनक्समधली मूळ सी लायब्ररी) प्रोग्राम सुरू होतानाच हे बिट बघून मेमरी कॉपीचं फंक्शन निवडून ठेवतं, पुन्हा विचारायला येत नाही. लोकांच्या चालू कामाचं नुकसान झालं, आणि मी कोड वाचताना दुसऱ्या होस्टचा विचारच केला नव्हता. ज्या बिटाला स्वतःची रजिस्टरं नाहीत, त्याच्याकडे तेव्हापासून मी दुप्पट वेळ बघतो.

सुरक्षेचे बिट याहून नाजूक. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्यानंतर आर्च कॅपॅबिलिटीज या एमएसआरला (प्रोसेसरच्या खास रजिस्टरला) फार महत्त्व आलं. त्यातला आरडीसीएल-नो म्हणजे 'मला मेल्टडाउनचा धोका नाही'. गेस्ट जिथे जिथे जाऊ शकतो त्या सगळ्या होस्टवर तो असेल तरच दाखवायचा, नाहीतर गेस्ट संरक्षण बंद ठेवून धोक्याच्या होस्टवर जाऊन बसेल. त्याच एमएसआरमधला आरएसबीए मात्र उलटा, तो धोका सांगतो. एका जरी होस्टवर असला तरी सगळीकडे दाखवावा लागतो. सगळ्या बिटांना सरसकट 'अँड' लावणारा, म्हणजे सगळ्या होस्टवर असेल तोच बिट ठेवणारा, लूप वाचायला फार छान दिसतो, पण इथे तो चुकतो. सामाईक बिट काढणारं फंक्शन दिसलं की आधी आरएसबीए शोधा.

प्रोसेसरच्या मॉडेलवरून बिट गृहीत धरणारा कोडही चालवून घेऊ नका. २०१९ च्या अखेरीस मायक्रोकोडमधून (प्रोसेसरच्या आतल्या कोडमधून) टीएसएक्स हा सूचनासंच बंद करायची सोय आली, आणि त्याच मॉडेलच्या काही होस्टवरून एचएलई, आरटीएम हे त्याचे बिट गेले.

तुमच्या पॅचसाठी लिहिणाऱ्याकडून एक चाचणी मागा. एव्हीएक्स-५१२ वापरणारा प्रोग्राम नव्या होस्टवर सुरू करायचा आणि तो चालू असतानाच मशीन एव्हीएक्स-५१२ नसलेल्या होस्टकडे हलवायची. मध्ये रीबूट केलं तर ती चाचणी धरू नका, कारण रीबूटनंतर प्रोग्राम नव्याने विचारतो आणि चूक झाकली जाते. जुन्या होस्टने मशीन घ्यायला स्पष्ट नकार दिला, तरच मंजुरी द्या.