फ्लेक्सवर काय छापलंय

प्रिय पोरी,

तुझा निरोप दोनदा वाचला. तुझ्या शाळेनं २६ जानेवारीला पाहुणी म्हणून बोलावलंय, फ्लेक्स छापून झालाय आणि तुझ्या नावाखाली ‘आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू’ असं लिहिलंय. तू गेलीस राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत. तिथं अकरा दिवस बेंचवर बसलीस, सामन्यात एकदाही उतरली नाहीस, आणि गावी परतल्यावर सरावात गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. आता विचारतेस, “काका, जाऊ का? माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे काय?”

जा. आधी फ्लेक्स बदलायला लाव, मग जा.

धीर द्यायला हे पत्र नाही. ते काम तुझी आई माझ्यापेक्षा बरं करते. मला एकच गोष्ट सांगायची आहे: जे पायानं केलं तेवढंच तोंडानं सांगायचं. मुख्याध्यापक म्हणाले म्हणे, थोडं वाढवून सांगितलं तर पोरांना प्रेरणा मिळते, बिघडतं काय? बिघडतं बाई. काय बिघडतं ते मला विचार.

माझा तो फायनलचा गोल तू लहानपणापासून ऐकत आलीस. पावसाळ्यातली तालुक्याची स्पर्धा, बुटाला किलोभर काळी माती चिकटलेली, शेवटची मिनिटं. त्यातलं खरं एवढंच की कॉर्नर मी मारला. गोलसमोरच्या चिखलात दहा-बारा जण एकमेकांवर पडले आणि चेंडू आमच्या राइट बॅकच्या, म्हणजे उजवीकडच्या बचावपटूच्या, गुडघ्याला लागून आत गेला. कसा गेला ते त्यालाही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात गोल माझ्या नावावर. मी तो छापला नव्हता, पण खोडलाही नाही. कात्रण मात्र लॅमिनेट करून घेतलं.

पुढे खेळ सुटला आणि भाषणं सुरू झाली. १५ ऑगस्ट, २९ ऑगस्टचा क्रीडा दिन, गणपती, मग हिवाळ्यातली स्नेहसंमेलनं. शाल, नारळ, कधी पाकीट. शाली इतक्या झाल्या की तुझी काकू त्यांच्यावर कुरडया वाळवते. दरवर्षी तो गोल थोडा मागून मारला जायचा. आधी गोलसमोरून, मग गोलपुढच्या पेनल्टीच्या चौकटीबाहेरून, शेवटी थेट मध्यरेषेजवळून. एका गावात भाषण करून खाली उतरलो तर तो राइट बॅक उभा. नातीचा नाच पाहायला आला होता. रागावला नाही. हसून एवढंच म्हणाला, “तुहा गोल तं सालोसाल दूर चालला गा.”

मी त्याला चहा पाजला. माफी मागितली नाही.

आणि नुसता आपला गोल नाही, देशाचंही तेच केलं मी. १९५० च्या विश्वचषकात आपल्याला अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून आपण गेलो नाही, हे वाक्य मी कितीदा टाकलं असेल! टाळी हमखास. पण देशाच्या फुटबॉल संघटनेनं तेव्हा दिलेली कारणं होती सरावाला अपुरा वेळ आणि संघनिवडीवरचे मतभेद. त्या काळचे कर्णधार शैलेन मन्ना यांनीही अनवाणीपणाची गोष्ट नंतर खोडून काढली. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, ते खरं. फ्रान्सकडून २-१ हरलो आणि त्यात दोन पेनल्टी चुकवल्या, तेही खरं. पेनल्टी चुकवणाऱ्यांत मन्ना स्वतः होते. हे सांगितलं की टाळी पडत नाही, मंडप गप्प होतो. मला तो गप्पपणा सोसायचा नाही.

आता तू म्हणशील, काका तुम्ही वर्षानुवर्षं हेच केलं ना? केलं. दोन पोरींच्या फिया होत्या, कापसाला भाव नव्हता, आणि खोट्या गोलानं कोणाचं घर बुडालं? उलट माझ्या भाषणांमुळे दोन गावांत लोखंडी गोलपोस्ट उभे राहिले. ते कोणी सांगत नाही.

एक गाव. लोखंडी एकाच गावात. दुसरीकडे बांबूचे होते, ते पोळ्याच्या आधीच पडले. बघ, कागदावरसुद्धा सुटत नाही ही खोड. म्हणून तुला आत्ताच सांगतोय, एकदा जीभ पायाच्या पुढे गेली की थांबत नाही.

आणि सांगण्यासारखं काही नाही म्हणतेस, तर त्या दिवशी एसटी स्टँडवर काय सांगत होतीस? सातव्या दिवशी कोचनं वॉर्मअपला उठवलं, तू बिब, म्हणजे राखीव खेळाडू जर्सीवर घालतात ती बंडी, काढून ठेवली, बुटाच्या नाड्या दोनदा घट्ट केल्या आणि पाच मिनिटांनी त्यानं हातानंच ‘बस’ अशी खूण केली. मग तू बाटल्या भरत बसलीस. ते ऐकता ऐकता माझ्या चहावर साय धरली होती, एक बस गेली तरी आपण दोघं हललो नव्हतो. मध्यरेषेवरून मारलेल्या माझ्या गोलानं असं कोणाला कधी बसवून ठेवलं नाही. तेवढंच सांग. वीस मिनिटं कशाला, आठ पुरे. गुडघ्याचं सांगताना रडू आलं तर पाणी पी.

जाण्यायेण्याचा खर्च माग, लाजू नको. शाल देतील ती घे.

फ्लेक्सवर ‘राष्ट्रीय स्पर्धेतील राखीव खेळाडू’ लिहायला सांग. मुख्याध्यापक कुरकुरले तर माझा नंबर दे.

त्या राइट बॅकचं गाव तुझ्या शाळेपासून जवळच आहे, फाट्यावर उतरून पायी दहा मिनिटं. २६ ला मी तुझ्यासोबत येतो. परतताना वेळ राहिला तर उतरू. कात्रण बॅगेत ठेवतो.

तुझा,
काका