नवीन आणलेले एंजल मासे काहीच खात नाहीत, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की चार दिवसांपूर्वी दोन एंजल आणले, दोन्ही हीटरमागे तोंड खुपसून उभे असतात, फ्लेक्स टाकले तर एखादा तोंडात घेऊन थुंकतात आणि पुन्हा कोपरा धरतात. चार दिवसांत घाबरण्यासारखं काही झालेलं नाही. धडधाकट, वाढलेला मासा आठवडाभर सहज उपाशी राहतो, कारण अंग गरम ठेवायला त्याला आपल्यासारखी ऊर्जा खर्चावी लागत नाही. आज एवढंच करा की खाणं टाकणं थांबवा आणि तळाशी पडलेलं सगळं नळीनं ओढून काढा.

माझ्या पहिल्या एंजलच्या वेळी मी नेमकं उलटं केलं होतं. खात नाहीत म्हणून जीव कासावीस व्हायचा आणि मी दर दोन तासांनी चिमूटभर टाकत राहायचो. ते सगळं वाळूत शिरून कुजत होतं. पाचव्या दिवशी पाणी दुधाळ झालं, मासे वर येऊन भराभर कल्ले हलवायला लागले आणि सातव्या दिवशी दोन्ही गेले. उपासानं मरायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती. त्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

टँक किती जुना आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राईट करतात, दुसरे नायट्राईटचं नायट्रेट करतात. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर आणि वाळूवर वाढतात, आणि नव्या टँकमध्ये त्यांचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासा विषारी पाण्यात असतो आणि त्याला भूक कुठून लागणार? टेस्ट किट आणून अमोनिया आणि नायट्राईट मोजा. दोन्ही शून्य हवेत. आकडा दिसला तर रोज पाव भाग पाणी बदला. नवं पाणी टँकच्याच तापमानाचं हवं आणि त्यात अँटिक्लोरीन (नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवणारं औषध) घातलेलं हवं. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, पण काही ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरीनऐवजी घालतात तो क्लोरामाइन तसा जात नाही. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा, नाहीतर जमलेले जीवाणू धुऊन जातील.

पाणी ठीक असेल तर मग ही भीती आहे. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे अंधारात एकदम लाइट लागला की त्यांना डोळे मिटून तो टाळता येत नाही. अंगावरच्या पार्श्वरेषेनं त्यांना पाण्यातली बारीक थरथरही कळते, तेव्हा काचेवर टिचकी मारणं, दार आपटणं सगळं त्यांच्यापर्यंत पोचतं. एंजल मूळचे अ‍ॅमेझॉनच्या संथ पाण्यातले. ते उभट, चपटं अंग मुळ्या आणि देठांच्या मधून सरकायला आणि लपायला बनलंय. मोकळ्या, उजळ टँकमध्ये त्यांना लपायला जागाच नसते. तीन बाजूंनी कागद लावा, उंच पानांची दोन-चार झाडं किंवा लाकडाचा तुकडा ठेवा, दोन दिवस लाइट बंद ठेवा, आणि तापमान 26–27 अंशांवर स्थिर राहतंय ना ते बघा. लपायला जागा मिळाली की मासे उलट जास्त बाहेर येतात, हे मी प्रत्येक वेळी पाहिलंय.

सहाव्या दिवशी फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या बारीक लाल अळ्या) टँकच्या पाण्यात बर्फ वितळवून दोन-तीनच सोडा आणि चार पावलं मागे जाऊन बसा. आधी फक्त डोळा फिरेल. मग मासा हळूच पुढे सरकेल, तिरका होऊन बघेल, ओढून घेईल आणि थुंकेल. निराश होऊ नका, माशाला हात नसतात, तो वस्तू तोंडानंच चाचपून बघतो. बहुतेक वेळा तोच तुकडा तो पुन्हा उचलतो. पाच मिनिटांत जे उरेल ते काढून टाका. ब्लडवर्म नीट खायला लागले की त्यातच भिजवलेले फ्लेक्स किंवा बारीक पेलेट मिसळत जा. दुकानात ते काय खात होते हेही विचारून घ्या, कधी कधी तेच दिलं की प्रश्न तिथेच मिटतो.

काळजी करायची ती पर अंगाशी चिकटवून ठेवले, मासा अंग घासायला लागला किंवा मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा उपाशी माशाचीही असते. पण खायला लागल्यावरही तशीच राहिली आणि पोट खपाटीला जात असेल, तर आतड्यात परजीवी असू शकतात. मग अंदाजानं औषध ओतू नका, माशांच्या जाणकाराला दाखवा. अमोनिया आणि नायट्राईटचे आकडे, टँक किती लिटरचा आणि किती दिवसांचा आहे, एवढं कमेंटमध्ये लिहा, मी रात्री बघतो.